कच्च्या रस्त्यावर सामान लादून लांब जायचंय: दोनपैकी कोणती सायकल तयार करू?

सुमेध_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या सुरुवातीला हिमाचलातल्या स्पितीला सायकलवर जायचं ठरतंय. मी आणि माझा आतेभाऊ, दोघंच. मागे गाडी नाही, सगळं सामान सायकलवर. मनालीहून ग्राम्फू, बातल, कुंझुम खिंड, काझा आणि पुढे ताबो, नाको करत किन्नौरमधून शिमला. ग्राम्फू ते बातल या पट्ट्याचे व्हिडिओ बघितले. रस्ता कमी आणि दगडगोटे, वाहतं पाणी जास्त.

घरात दोन सायकली आहेत. तिसरी घेण्याइतके पैसे नाहीत.

पहिली मामाने दिलेली जुनी एमटीबी (माउंटन बाइक). क्रोमोली स्टीलची फ्रेम, २६ इंची चाकं, सस्पेन्शन नाही, पुढे ४२-३२-२२ दातांच्या चकत्या, मागे ७ गिअरचं फ्रीव्हील, व्ही-ब्रेक. फ्रेमवर आणि फोर्कवर (पुढचं चाक धरणारा चिमटा) कॅरिअरसाठी आटे पाडलेली भोकं आहेत. रंग गेलाय, पण फ्रेम सरळ आहे.

दुसरी माझी रोजची हायब्रिड, जिच्यावर मी ठाण्याला ऑफिसला जातो. ॲल्युमिनियमची फ्रेम, ७००सी चाकं, ३८ मिमीचे टायर, पुढे ६३ मिमीचा सस्पेन्शन फोर्क, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, पुढे ४८-३८-२८ आणि मागे ८ गिअरची ११-३२ कॅसेट.

तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह आणि थंडीचे कपडे धरून सामान १५ किलोच्या आसपास जाईल. पाणी आणि खाणं वेगळं. माझं मन मामाच्या सायकलीकडे ओढतंय. भाऊ म्हणतो, हातात डिस्क ब्रेक असताना व्ही-ब्रेकवर जायचं कशाला? ज्यांनी अशा रस्त्यांवर ओझं वाहिलंय त्यांनी कृपया सांगा: कोणती तयार करू, आणि पैसे सगळ्यात आधी कशावर घालू?

चाकवाला

पैसे सगळ्यात आधी मागच्या चाकावर. फ्रेम आणि ब्रेकचं नंतर बघू.

मामांच्या सायकलीत फ्रीव्हीलचा हब आहे, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसतो. या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला बसतात. तिथून फ्रेमपर्यंत एक्सलचा बराच तुकडा आधाराशिवाय उरतो. ओझं लादून खड्ड्यांतून नेलं की एक्सल बरोबर तिथे वाकतो, कधी तुटतोही. कॅसेटच्या हबमध्ये (यावर चकत्या सरकवून बसवतात) उजवीकडचे छर्रे पार बाहेरच्या टोकाजवळ असतात, त्यामुळे ही अडचण येत नाही. ती सायकल घेतलीस तर मागचं चाक नवं बांधून घे. १३५ मिमीचा कॅसेट हब, ३६ भोकांची दुहेरी भिंतीची रिम आणि डबल बटेड स्पोक, म्हणजे टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८. मध्ये बारीक आहे म्हणून स्पोक कमजोर ठरत नाही, उलट तो भाग किंचित ताणला जातो आणि धक्का हबजवळच्या वाकलेल्या टोकावर एकवटत नाही. स्पोक तुटतो तो बहुतेक वेळा तिथेच, आणि तोही मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचा.

आधी फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधलं अंतर मोजून सांग. १३५ असेल तर प्रश्नच नाही. १३० असलं तरी स्टीलची फ्रेम आहे, तेवढी फाकते.

आणखी एक. चाकाचा आउट (वाकडेपणा) काढला म्हणजे सगळ्या स्पोकना सारखा ताण आला असं होत नाही. एक कचकचून ओढलेला आणि शेजारचा ढिला, असं असूनही चाक सरळ फिरतं. बांधून झाल्यावर उजव्या बाजूचे सगळे स्पोक बोटाने छेडून बघ. जवळजवळ एकाच सुरात वाजले पाहिजेत.

वाटसरू

वाचनखूण साठवली. माझाही हाच प्रश्न होता, मी इथेच बसतो.

ऋजुता_ठाणे

सुमेध, हा रस्ता मी केलाय म्हणून सांगते. बाकी सगळं सोसता येतं, पण जड गिअर सोसवत नाही. चार हजार मीटरवर दम लागतो आणि खाली सुटी खडी असते. त्यात जोर लावून पेडल मारलं की मागचं चाक घसरतं, पाय टेकावा लागतो, आणि लादलेली सायकल चढावर पुन्हा सुरू करताना जीव निघतो.

आकडेच मांडते. तुझ्या हायब्रिडचा सगळ्यात हलका गिअर २८-३२, म्हणजे पुढे २८ दात, मागे ३२. पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.९ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ७ किमीच्या जवळ. कुंझुमच्या चढावर सामानासकट हा वेग मला तरी धरता आला नसता. मामांच्या सायकलीला मागे ११-३४ बसवलंस तर २२-३४ वर एका फेरीत १.३ मीटर, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत ताशी ४.८ किमी. हा वेग हास्यास्पद वाटेल, पण चालत सायकल ढकलण्यापेक्षा बसून जाणं कितीतरी सुखाचं.

आता न विचारलेला सल्ला. उलट दिशेने जा. मनाली दोन हजार मीटरवर आहे आणि तिथून तुम्ही थेट कुंझुमच्या साडेचार हजारांवर चढणार. शिमल्याहून निघालात तर किन्नौरमधून हळूहळू उंची वाढत जाते, काझाला पोचेपर्यंत अंगाला सवय होते. शिवाय सगळ्यात वाईट रस्ता शेवटी येतो. तोपर्यंत सायकलीत काय ढिलं होतंय, काय घासतंय ते कळलेलं असतं आणि सामानही कमी झालेलं असतं.

सुमेध_डोंबिवली

@ऋजुताताई, दिशेचं पटलं, भावाशी बोलतो. @चाकवाला, मोजलं. १३५ आहे!

नाना_गिरगावकर

तरुण मंडळींची चर्चा वाचून फार बरं वाटलं. तुमच्यासाठी एक आठवण देतो. १९२३ साली आपल्या मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, १९२८ मध्ये जगाला फेरी मारून परत आले. साधारण ७१ हजार किलोमीटर. इराण, इराक, मग वाळवंट, आणि रस्ते कसले तर बैलगाडीचे आणि उंटांचे. सस्पेन्शन नाही, डिस्क नाही. त्यांनी जे केलं ते करायला मन लागतं.

माझं म्हणणं एवढंच की आपली काळी उभी सायकल विसरू नका. कुठल्याही खेड्यात तिचा टायर मिळतो आणि कोणीही दुरुस्त करतो.

चाकवाला

नाना, दंडवत. त्या तिघांबद्दल मुंबईत फार कमी लोकांना ठाऊक आहे, तुम्ही लिहिलंत ते छान केलंत.

पण टायरच्या बाबतीत थोडं थांबतो, कारण इथे बरेच जण फसतात. काळ्या उभ्या सायकलीचा २८ × १½ टायर ६३५ मिमीच्या रिमचा. तो ७००सीवर बसत नाही, कारण ती रिम ६२२ ची. आणि गावच्या दुकानात "२६ चा टायर द्या" म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी मिळू शकतात. २६ × १⅜ असेल तर ती ५९० मिमीची रिम, आणि एमटीबीचा २६ × १.९५ किंवा २.० असेल तर ५५९ ची. छापलेला आकडा २६ असला तरी एक दुसरीवर चढणार नाही. सुमेधला हवा ५५९ चा. पोरांच्या गिअरच्या सायकलींमुळे तो आता तालुक्याच्या गावी सहज मिळतो. ७००सीचा रुंद टायर मात्र मुंबईबाहेर शोधतच बसावं लागेल. मामांच्या सायकलीच्या बाजूने माझं हे दुसरं मत.

नाना_गिरगावकर

हे मला नवीन आहे. आभारी आहे. मग मुलाला सांगा, टायर घेताना बाजूला छापलेला मिलिमीटरचा आकडा वाचूनच घे.

आनंद_अंधेरी

सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. २६ चं कौतुक ठीक आहे, पण मोठं चाक दगडावरून सहज चढतं. हायब्रिडमध्ये ७००×४५ पर्यंतचे टायर बसत असतील तर हवा कमी ठेवून आरामात जाता येईल. ब्रेकचं तर बोलायलाच नको. ओल्या, चिखलाच्या उतारावर, मागे १५ किलो असताना व्ही-ब्रेक रिमला धरेपर्यंत सायकल चार हात पुढे गेलेली असते. डिस्कला चिखलाशी देणंघेणं नाही. स्पोक तुटून चाक थोडं डुगडुगलं तरी डिस्क घासत नाही, व्ही-ब्रेक मात्र सोडावा लागतो.

आणि गिअर तर बदलता येतात. पुढे २२ दातांची चकती असलेला क्रँक टाकला की झालं.

कोकणी_चाक

आनंदच्या ब्रेकच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. मी पावसाळ्यात कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर फिरतो. लाल मातीच्या चिखलात बारीक कण असतात, ते ब्रेकच्या रबरात रुततात आणि दर ब्रेकला रिम खरवडली जाते. रिमच्या बाजूला बोट फिरवून बघायचं. आत खोलगट लागली तर ती रिम बदलायची, थांबायचं नाही. पातळ झालेली रिम टायरच्या दाबाने फाटते आणि ती फाटते ते बहुधा उतारावर ब्रेक मारताना.

पण सुमेध जातोय सप्टेंबरात स्पितीला. तिकडे पावसापेक्षा धूळ जास्त. नवे, चांगल्या प्रतीचे ब्रेक पॅड टाकले, रोज संध्याकाळी रुतलेले खडे टोकदार खिळ्याने काढले, तर व्ही-ब्रेकवर निभावतं. सुटा जोड खिशात ठेव.

अवांतर: लादलेल्या सायकलीची पहिली परीक्षा घ्यायला किनाऱ्याचा रस्ता उत्तम. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच, मग मुरुड, आगरदांडा–दिघी, पुढे वेशवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे. दर थोड्या अंतरावर फेरीबोट, चहा आणि बसायला जागा. चढ छोटे, पण असे खडे की गिअरची पारख होते.

वाटसरू

फेरीबोटींवर वेगळा धागा काढा हो कोकणी, इथे हरवेल.

चाकवाला

@आनंद, चाकाच्या आकाराचं तू म्हणतोस ते खरं आहे, मोठं चाक खड्ड्यात कमी आपटतं. पण त्या ६३ मिमीच्या फोर्कचं काय करायचं? तो जड आहे, त्याला कॅरिअरची भोकं नाहीत, आणि धुळीत त्याच्या सरक्या नळ्या लवकर खराब होतात. काढून साधा सरळ फोर्क टाकायचा तर त्याची उंची जुळली पाहिजे. एक्सलपासून क्राउनपर्यंत (फोर्कच्या वरच्या जोडापर्यंत) २० मिमीने आखूड फोर्क टाकला की हेड ट्यूबचा (हँडलखालच्या नळीचा) कोन जवळजवळ एका अंशाने उभा होतो आणि सायकल चंचल होते. ओझ्याखाली ते जाणवतं. म्हणजे फोर्क आला, क्रँक आला, टायर आले. मामांच्या सायकलीला चाक, कॅसेट, शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) आणि टायर. खर्च साधारण सारखाच, पण मामांच्या सायकलीत शेवटी हाती येते ती ओझं वाहायलाच बनलेली फ्रेम.

७ चा शिफ्टर ठेवायचा असेल तर ७ ची कॅसेट ४.५ मिमीचा स्पेसर घालून त्याच हबवर बसते. पण ११-३४ हवी तर ८ ची घे आणि उजवा शिफ्टर बदल. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा) लांब पिंजऱ्याचा आहे का बघ. पुढचा फरक २० दातांचा, मागचा २३, एकूण ४३. तेवढी चेन ओढून धरणारा हवा.

पक्का_मुलुंडकर

स्टीलच घे रे. तुटलं तर कुठल्याही गावात वेल्डिंगवाला जोडून देतो. ॲल्युमिनियम तुटलं की संपलं.

भिवंडी_फॅब्रिकेटर

मुलुंडकर, माझा धंदाच वेल्डिंगचा आहे, म्हणून बोलतो. हे वाक्य सगळीकडे फिरतं आणि ते अर्धंच खरं आहे.

स्टीलचं कॅरिअर तुटलं तर रस्त्यावरचा कोणीही आर्क मारून जोडेल, बिनधास्त. पण क्रोमोली फ्रेमच्या नळीची भिंत मध्ये एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. ज्याचा हात ग्रिल आणि गेटवर बसलाय, त्याने तिथे आर्कची काडी लावली तर भोक पडेल, किंवा जोड धरेल आणि शेजारी नळी कडक होऊन पुन्हा चिरेल. फ्रेम तुटलीच तर गॅसवर पितळेने झाळणारा शोधा. जुन्या सायकल दुरुस्तीवाल्यांत आणि रेडिएटरचं काम करणाऱ्यांत अजून असे हात आहेत. तोही नाही मिळाला तर लोखंडी सळीचे दोन तुकडे दोन्ही बाजूंनी लावून ज्युबिली क्लिपने आवळा आणि पुढच्या गावापर्यंत जा.

म्हणून कॅरिअर स्टीलचंच घ्यावं असं मी ठाम सांगतो. बाजारातल्या ॲल्युमिनियम कॅरिअरवर २५ किलो लिहिलेलं असतं, ते गुळगुळीत रस्त्यासाठी समजा. खडबडीत रस्त्यावर दर मिनिटाला शेकडो लहान धक्के बसतात, आणि ॲल्युमिनियम अशा धक्क्यांनी हळूहळू थकतं. आधी केसाएवढी चीर, मग एका खड्ड्यात तुकडा. स्टील ताण मर्यादेत असेल तोवर तसं थकत नाही.

पक्का_मुलुंडकर

मान्य! धंद्यातल्या माणसापुढे काय बोलणार. गॅसवर झाळायचं, लक्षात ठेवतो.

मीनल_दादर

कॅरिअर आणि पॅनिअर (कॅरिअरला बाजूने टांगायच्या पिशव्या) लावायलाच हवेत का? मी दोन वर्षांपासून कॅरिअरशिवाय जाते. हँडलवर गुंडाळी, फ्रेमच्या त्रिकोणात पिशवी, सीटमागे लांब पिशवी आणि फोर्कच्या दोन्ही अंगांना तंबूचे खांब-बिंब बांधायला पट्टे. तुटायला बोल्टच नाहीत. सायकल अरुंद राहते, पायवाटेवरही जाते, आणि लोकलच्या डब्यात चढवताना कोणाच्या गुडघ्यात शिरत नाही.

फ्रेमची पिशवी मी पुठ्ठ्याचा साचा कापून धारावीत शिवून घेतली. तिथे बॅगा शिवणाऱ्याला साचा, जाड नायलॉन आणि झिपची चेन दिली की हवी तशी मिळते. एकच सांगून ठेवा, चेन रुंद दातांची लाव. धुळीत बारीक चेन अडकते.

ऋजुता_ठाणे

मीनल, तुझी पद्धत मला आवडते, पण १५ किलोत बसणार नाही. थंडीची स्लीपिंग बॅग, रात्री उणे तापमानाचे कपडे, स्टोव्ह आणि मधल्या निर्जन पट्ट्याचं खाणं एवढं त्या पिशव्यांत कोंबलं की सीटमागची पिशवी डोलत राहते. मागे दोन पॅनिअर आणि पुढे तुझ्यासारखी व्यवस्था, असं मिश्रण बरं. फ्रेमच्या त्रिकोणात सगळ्यात जड वस्तू ठेवायच्या: अवजारं, इंधन, सुटे भाग. जड सामान जितकं खाली आणि मध्ये, तितकी सायकल आज्ञेत राहते.

आणि सगळं मागे लादू नका. चढावर पुढचं चाक उचलतं आणि सायकल भरकटते. चार-पाच किलो तरी फोर्कवर जाऊ द्या.

ठकूबाई

वजन कमी करायचं असेल तर कपडे काढा, स्टोव्ह काढा, पण लसणाची चटणी काढू नका. चौथ्या दिवशी मॅगीवर तीच लागते. :)

मीनल_दादर

ठकूबाई +१०००. आणि मेतकूट!

लोअर_परळ_लोहार

बोल्टबद्दल कोणी बोललंच नाही. कॅरिअरचे बहुतेक बोल्ट एम५ असतात. सायकलसोबत येणारे मऊ लोखंडाचे फेकून द्या. नागदेवी स्ट्रीटवर जा, स्टेनलेसचे एम५ योग्य लांबीचे घ्या, वायसर आणि नायलॉनचा नट घ्या. बोल्ट आट्यांतून पलीकडे निघेल एवढा लांब असेल तर मागून दुसरा नट लावा. मग पुढे तुटला तर बोल्टचा तुकडा पकडीने मागून फिरवून काढता येतो, फ्रेमच्या आट्यात अडकून बसत नाही. निळं थ्रेडलॉकर एक थेंब. लाल नको, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही.

खालच्या बोल्टवर सगळा भार येतो, त्यामुळे मडगार्डची पट्टी आणि कॅरिअर एकाच बोल्टवर लावू नका. दोन वस्तू एकावर लावल्या की बोल्ट जास्त बाहेर येतो आणि वाकतो.

आणि रोज रात्री तंबू लावायच्या आधी ॲलन की घेऊन प्रत्येक बोल्टला हात लावायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

सुमेध_डोंबिवली

किती मनापासून लिहिताय सगळे! ठरलं: मामाची सायकल, शिमल्याहून उलट दिशेने, मागे स्टीलचं कॅरिअर. चाकवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे मागचं चाक बांधायला दिलंय. टायर २६ × २.० घेतोय, त्यात हवा किती भरू? आणि ट्यूब कोणत्या व्हॉल्व्हची?

चाकवाला

तू आणि सामान मिळून किती ते बघून बदलावं लागेल, पण मागे ४० पीएसआय, पुढे ३२ इथून सुरू कर. टोकदार दगडावर रिम आपटल्याचा आवाज आला तर थोडी वाढव. हाताला सतत थरथर येत असेल तर कमी कर. काझाच्या पुढे नालीदार पत्र्यासारखे रस्ते लागतात, तिथे दोन-तीन पीएसआयनेही फरक कळतो.

व्हॉल्व्ह मोटरसायकलचा, म्हणजे श्रेडर. कुठल्याही पंक्चरवाल्याच्या नळीने हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला ॲडॉप्टर लागतो आणि तो हरवतो. रिमला भोक मोठं, साडेआठ मिमीचं आहे का ते बांधणाऱ्याला विचार.

आनंद_अंधेरी

माझ्या बाजूने हरलो तरी हरकत नाही, चांगली सायकल होतेय. चेनला घट्ट तेल लावू नकोस, धूळ चिकटून दळण होतं. मेणाचं किंवा कोरडं तेल, आणि लावून झाल्यावर वरचं पुसून टाक.

सुमेध_डोंबिवली

(दीड महिन्याने)

मंडळी, सायकल तयार झाली आणि गेल्या आठवड्यात पूर्ण सामान लादून परीक्षाही झाली. पहाटेच्या लोकलने सामानाचं तिकीट काढून कसारा, तिथून विहीगाव, खोडाळा, सूर्यमाळ, मोखाडा, जव्हार आणि विक्रमगडवरून पालघर स्टेशन. मुद्दाम गावांमधल्या कच्च्या रस्त्यांनी गेलो. काही ठिकाणी मुरूम टाकून ठेवलेला, काही ठिकाणी नुसता चिखल.

२२-३४ हा गिअर अमृत आहे. सूर्यमाळच्या चढावर पाय टेकवला नाही. मागचं चाक एकदाही कुरकुरलं नाही. पण तीन गोष्टी जाणवल्या. पॅनिअरला टाच लागते, विशेषतः डावी. मडगार्डमध्ये चिखल इतका भरला की मोखाड्याच्या अलीकडे चाक फिरेना, काडीने उकरत बसलो. आणि उतारावर वेग घेतला की हँडल डावीउजवीकडे हलकं थरथरतं. हे तिसरं जरा घाबरवतं.

लोअर_परळ_लोहार

टाचेसाठी पॅनिअरचे हुक कॅरिअरवर मागे सरकवता येतात, आत ऍलन कीचे स्क्रू असतील. खालचा कोपरा पुढे येत असेल तर पिशवी थोडी तिरकी लाव, खालचं टोक मागे. हायब्रिडवर तर हे आणखी लागलं असतं, तिची मागची नळी आखूड असते.

मडगार्ड काढूनच टाक. तिकडे धुळीला त्याचा उपयोग नाही आणि नाल्यातले दगड अडकले तर उलट धोका.

ऋजुता_ठाणे

थरथर बहुतेक वेळा सामानाची असते. मागच्या पॅनिअरवर तंबू आडवा बांधलाय का? तो उंच आणि मागे असेल तर हेच होतं. तंबूचं कापड फोर्कवर किंवा हँडलवर आण, खांब फ्रेमजवळ. हँडलवर मात्र जड काही नको, स्लीपिंग बॅगसारखं हलकं ठीक. दोन्ही पॅनिअरचं वजन सारखं कर, घरच्या वजनकाट्यावर टांगून बघ. मग त्याच उतारावर तपास. तरीही राहिलं तर हेडसेटचे (हँडल ज्यावर वळतं त्या सांध्याचे) छर्रे ढिले आहेत का बघ: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलव, हेडसेटपाशी खटखट लागली तर घट्ट करायला हवं.

आणि शेवटच्या पट्ट्याबद्दल. कुंझुम उतरल्यावर बातलला मुक्काम करा आणि पहाटे निघा. दुपारी ऊन लागून वरचा बर्फ वितळतो आणि नाल्यांचं पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढं असतं तिथे दुपारी गुडघ्याच्या वर. नाला ओलांडताना सायकल आपल्या खालच्या अंगाला धरायची. वाहून गेलीच तर ती आपल्यावर येत नाही.

सुमेध_डोंबिवली

हो, तंबू आडवा आणि वरच होता! रविवारी सामान हलवून घोडबंदरच्या उतारावर बघतो. हेडसेटही तपासतो.

गाडीने नेण्यासाठी सायकल खोक्यात भरायची आहे. दुकानातून रिकामा खोका मिळालाय. काही काळजी?

कोकणी_चाक

डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, वर धरलेला पाना मागच्या चाकाकडे ओढला की ते ढिलं होतं. घरीच ढिलं करून ग्रीस लावून ठेव, शिमल्याला पाना घेऊन झटापट नको. मागचा डिरेलर हँगरवरून (फ्रेमच्या ज्या कानाला तो बसतो) काढून फ्रेमच्या आत बांध, प्रवासात सगळ्यात आधी तोच वाकतो. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा तुकडा अडकव, म्हणजे दाबला जाणार नाही. सुटा हँगर मिळत असेल तर एक घे.

चाकवाला

सुट्या स्पोकचं राहिलं. मागच्या चाकाच्या उजव्या आणि डाव्या बाजूच्या स्पोकची लांबी वेगळी असते, पुढच्याची तिसरी. बांधणाऱ्याकडून तिन्ही लांबींचे तीन-तीन मागून घे, निपलसकट. चेनच्या बाजूच्या मागच्या नळीला टेपने चिकटव. आणि उजव्या बाजूचा स्पोक घालायला कॅसेट काढावी लागते, त्यासाठीचा छोटा लॉकरिंग टूल घे, चेन व्हिपऐवजी (चकत्या फिरू न देणारं अवजार) जुन्या चेनचा तुकडा पुरतो.

नवं चाक पहिल्या काही शे किलोमीटरनंतर बसतं आणि ताण थोडा उतरतो. जव्हारची फेरी झालीच आहे, तेव्हा निघण्याआधी एकदा पुन्हा ताणून घ्यायला हवं. रविवारी घोडबंदर करून झालं की चाक घेऊन गिरगावात माझ्याकडे ये, तासाभराचं काम आहे. कॅसेट काढणं आणि घालणं तुझ्या हातून करून घेतो.